खडक चढणारी चिमुकली गाडी

आपल्या घरात रिमोटची गाडी आली की तिचे आयुष्य साधारण आठ दिवसांचे असते. पहिल्या दिवशी ती फरशीवर सुसाट पळते, दुसऱ्या दिवशी भिंतीवर आपटते आणि अंगणात नेली की पहिल्याच खड्यापाशी चाक फिरवत बसते. मग सेल संपतात आणि गाडी माळ्यावर जाते. आईबापांना पैसे गेल्याची हळहळ, पोराला गाडी गेल्याची!

पण खड्यापाशी अडकणारी गाडी खडक चढू शकेल काय? शकते. अशा गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणे. ही गाडी पळत नाही, रांगते. तिचा वेग माणसाच्या चालण्याहून फारसा अधिक नसतो. पण गुडघाभर उंचीचे दगड ती एकेक चाक टेकवत ओलांडते. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ही गाडी परदेशात हौशी लोकांनी वाढवली. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली ‘क्लॉड बस्टर’ नावाचा मोठ्या चाकांचा खेळण्यातला ट्रक काढला. त्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही आसांवर स्वतंत्र मोटर होती. अमेरिकेतील हौशी मंडळींनी त्याचीच मोडतोड करून खडक चढणाऱ्या सुरुवातीच्या गाड्या बनवल्या. म्हणजे या छंदाचा जन्मच दुकानात न होता घरातल्या पान्या-पक्कडीवर झाला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दगड आपल्या दारात आहेत

परदेशी हौशी माणूस दगड शोधत गाडी घेऊन फिरतो. एरंडोलकरांना त्याची गरज नाही. गावापासून सुमारे दहा किलोमीटरवर पद्मालयाची टेकडी आहे. खानदेशातला हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कोरड्या नाल्यात, शेताच्या बांधावर, विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर तोच कातळ पडलेला असतो. टेकडीवर जायचेही कारण नाही. पाच-दहा दगड अंगणात रचले की मैदान तयार!

ट्रॅक्टरवाल्याला विचारा

गाडी खड्यापाशी का अडते, हे ट्रॅक्टर चालवणारा माणूस चटकन सांगेल. गाडी वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाची गिअरची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण एक चाक काळ्या मातीच्या चिखलात सुटले की तेच गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे चाक स्वस्थ राहते. अशा वेळी चालक लॉकचे पॅडल दाबतो. दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो.

खडकावर गाडीचे एखादे चाक सारखेच हवेत असते. म्हणून क्रॉलरचे डिफरन्शिअल बहुधा कायमचे लॉक केलेले असते. स्वस्त खेळण्यात ते मोकळे असले तर पेटी उघडून, ग्रीस स्वच्छ पुसून आतल्या छोट्या गिअरमध्ये एम-सील भरतात. तोटा एकच, गाडीला वळायला जागा जास्त लागते. २०१७ साली ट्रॅक्सस कंपनीने काढलेल्या टीआरएक्स-४ या गाडीत हे लॉक रिमोटवरून लावता-सोडवता येते. पण अशी आयात गाडी कामगाराच्या महिन्याच्या पगारातही बसेल असे नाही. एम-सीलची पुडी मात्र कोणालाही परवडते.

आधी काय बदलावे?

नवखा मुलगा प्रथम मोठी मोटर मागतो. ती सर्वांत शेवटी! क्रम असा ठेवावा.

पहिली चाके. खेळण्याची चाके कडक प्लास्टिकची असतात, ती दगडावरून घसरतात. क्रॉलरचा टायर मऊ रबराचा असतो. त्यात हवा न भरता स्पंज असतो. टायर दगडावर दबतो आणि त्याला धरून ठेवतो. नवे टायर घेणे जमत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चाकावर चिकटवाव्यात. फरक लगेच दिसतो.

दुसरे वजन. गाडी हलकी करण्यापेक्षा तिचे वजन खाली आणणे महत्त्वाचे. बॅटरी वर असेल तर खाली घ्यावी आणि शक्यतो पुढे सरकवावी, कारण चढावर पुढची चाके उचलली जातात. हौशी लोक पितळेचे भाग चाकांजवळ बसवतात. पंक्चरच्या दुकानात रिमला लावायची वजने मिळतात, तीही चालतात. मात्र ती शिशाची असली तर हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

येथे कंपासपेटीचा उपयोग करून पाहावा. गाडी एका फळीवर आडवी ठेवा आणि फळीची बाजू हळूहळू उचला. गाडी उलटते त्या क्षणी कोनमापकाने कोन मोजा. समजा, गाडीच्या मध्यापासून टायरची बाहेरची कड दहा सेंटिमीटरवर आहे आणि गुरुत्वमध्यही जमिनीपासून दहा सेंटिमीटर उंच आहे. ती ४५ अंशांवर उलटेल. गुरुत्वमध्य दोनच सेंटिमीटर खाली आणला की ती सुमारे ५१ अंशांपर्यंत टिकेल. शाळेच्या फळ्यावर कंटाळवाणी वाटणारी त्रिकोणमिती अशी पायाशी येऊन बसते.

तिसरे लॉक, ते वर सांगितलेच. चौथी मोटर आणि गिअर. मोटरच्या आत तारेचे जितके वेढे जास्त, तितकी ती सावकाश आणि जोरकस. क्रॉलरला साधारण ३५ ते ५५ वेढ्यांची मोटर लावतात. ती नसेल तर मोटरवरचे लहान गिअर आणखी कमी दातांचे लावावे. सायकलला पुढे लहान चकती असली की चढ सोपा जातो, तसेच हे.

राहिली बॉडी. जीपच्या बाजू सपाट असतात म्हणून तिची बॉडी घरी करायला सोपी. आपल्या शेजारी नाशिकला महिंद्राची थार तयार होते, तिचाच नमुना समोर ठेवावा. आपला जळगाव जिल्हा पीव्हीसी पाइपांसाठी प्रसिद्ध आहे. पाइपाचा तुकडा उभा कापून उकळत्या पाण्याने नरम केला की फळीखाली दाबून सपाट पत्रा मिळतो. हे काम मोठ्या माणसाने करावे. पाइप आगीवर धरू नये, त्याचा धूर विषारी असतो. चाके वळवणारा दांडा सायकलच्या स्पोकचाही होतो.

चालवणे म्हणजे वाचणे

गाडी तयार झाली म्हणजे निम्मे काम झाले. दगडाला भिडण्यापूर्वी चालकाने खाली बसून गाडीच्या उंचीवरून वाट पाहावी. कोणते चाक कोठे टेकेल, पोट कोठे घासेल, हे आधी ठरवावे. मोठा दगड दोन चाकांच्या मधोमध घेतला तर पोट अडकते, चाकाखाली घेतला तर गाडी वर उचलली जाते. बोट एकदम दाबू नये. चाक घसरले की थांबावे, थोडे मागे यावे आणि वाट बदलावी. जोर वाढवून गाडी चढत नाही, उलटते.

स्पर्धांतही हेच कसब मोजतात. दगडांतून जोड-खुंट्यांची दारे लावलेली असतात. खुंटीला धक्का लागला, गाडी मागे घ्यावी लागली, हाताने उचलावी लागली की दंडाचे गुण पडतात. ज्याचा दंड सर्वांत कमी तो विजयी.

दूरवरून रांगणारी एक नामांकित गाडी आपल्याच देशाची आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि त्यातून २६ किलो वजनाची, सहा चाकांची ‘प्रज्ञान’ बाहेर आली. तिचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर! २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला. शास्त्रज्ञांनी तिला आल्या वाटेने परत फिरवले आणि नव्या दिशेने नेले. अशा काही दिवसांतच तिने शंभर मीटरहून अधिक अंतर कापले. मागे फिरणे ही तिथे हार ठरली नाही, अंगणातही ठरू नये.

थोडी सावधगिरी

लिथियम पॉलिमर बॅटरीबाबत हयगय नको. तिचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरला की बिघडतो. तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा, चार्जिंग फरशीवर आणि डोळ्यांदेखत करावे, रात्रभर लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा गाडी उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. लहान मुलांसाठी निकेल मेटल हायड्राइडचा ७.२ व्होल्टचा संच अधिक बरा. पावसात मोटरच्या वायरी आणि रिसीव्हर ओले होऊ देऊ नयेत.

या छंदाला हिवाळा उत्तम. शेतात भरिताचा बेत ठरला की गाडीही बरोबर न्यावी. वांगी भाजेपर्यंत बांधावर दोन फेऱ्या होतात. पक्कड एकट्या मुलाच्या हाती नको, मुलीच्याही हाती द्यावी. दोघांनी मिळून पेटी उघडावी, चुकावे, पुन्हा जोडावे. गॅरेजात, कारखान्यात, गिरणीत काम केलेल्या वडिलांनी आणि काकांनी शेजारी बसून दाखवावे. त्यांच्या हातात असलेली विद्या कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

आणि माळ्यावर पडलेली ती जुनी गाडी? या रविवारी खाली काढा. धूळ झटका, चार स्क्रू सोडा आणि आत काय आहे ते मुलांना पाहू द्या.