गाण्याचे यंत्र मुके झाले, तर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पत्त्यांच्या जोडाएवढी, पाठीकडून आरशासारखी चकचकीत, पुढे गोल चाक. तो आयपॉड होता. अमेरिकेत असलेल्या धाकट्या भावाने एका दिवाळीत आणलेला आणि जाताना घरी ठेवून दिलेला.

"सर, सहा-सात वर्षं कपाटात पडून होता. चार्जिंगला लावला तर ढिम्म हलत नाही. एकदा कसाबसा उजेड आला म्हणून कॉम्प्युटरला जोडला, तर तो म्हणतो, रिस्टोअर करा. करून टाकू का?"

"आत काय आहे?" मी विचारले.

"गाणी आहेत, ती गेली तरी चालतील. पण भावानं छोटा माइक लावून आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यात भरून घेतल्या होत्या. आई आता नाही."

वाचकहो, असे एखादे मुके झालेले यंत्र पुष्कळ घरांतून कपाटात पडलेले असते. त्याला नेमके काय होते आणि त्यावर इलाज कोणत्या क्रमाने करावा, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे. इलाज अवघड नाहीत. चुकतो तो क्रम. जो उपाय सर्वांत शेवटी करायचा, तोच आपण घाईने पहिल्यांदा करतो.

पहिला आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत जाहीर झाला. त्याच्या पोटात ५ गिगाबाइटची एक चिमुकली फिरती तबकडी होती आणि हजार गाणी खिशात, अशी त्याची ख्याती झाली. पुढे मिनी, नॅनो, शफल असे त्याचे नाना अवतार निघाले. २०२२ च्या मे महिन्यात शेवटचा नमुनाही बंद झाल्याचे कंपनीने जाहीर केले. म्हणजे आता जो हाताशी आहे तोच सांभाळायचा.

अशा यंत्रात दोन गोष्टी मुख्य. एक शिदोरी, म्हणजे बॅटरी. आणि दुसरी वही, म्हणजे ज्यावर गाणी साठवलेली असतात तो साठा. चार्ज न होणे हे शिदोरीचे दुखणे, रिस्टोअर न होणे हे वहीचे. पण पुष्कळदा दुसरे दुखणे पहिल्यातूनच उद्भवते. अर्धपोटी बॅटरीवर आतली तबकडी फिरू लागते, दम लागून मध्येच थांबते, आणि संगणक समजतो की यंत्रच बिघडले. म्हणून पहिला नियम असा, की वहीला हात लावण्यापूर्वी शिदोरी भरा.

ही बॅटरी लिथियम-आयन जातीची. अशा बॅटऱ्या १९९१ साली जपानात प्रथम बाजारात आल्या आणि त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला की ती रिकामी झाली असे समजायचे. यंत्र बंद ठेवले तरी बॅटरी हळूहळू झिरपत राहते. वर्षानुवर्षे पडून राहिली तर दाब त्याहूनही खाली जातो.

अशा बॅटरीला एकदम पुरा प्रवाह देणे धोक्याचे. म्हणून यंत्रातली राखणदार चकती आधी अगदी बारीक प्रवाह सोडते. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसाला आपण आधी पेज देतो, पुरणपोळी वाढत नाही, तसेच हे. पेज पोटात जात असताना पडदा काळाच राहतो. कधी कधी तब्बल अर्धा तास. आपण पाच मिनिटे वाट पाहतो, "मेला" म्हणतो आणि पिन उपसून टाकतो! आमच्या गुरुजींनी नेमके हेच तीन वेळा केले होते.

तेव्हा भिंतीवरच्या चांगल्या चार्जरला यंत्र लावा आणि अर्धा तास त्याकडे पाहूही नका. मग चार तास पुरे भरू द्या. संगणकाच्या यूएसबी खाचेतून साधारण ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो. तेवढ्यावर काम होते, पण संगणक झोपी गेला की बऱ्याचदा हा पुरवठाही थांबतो. कळफलकावरच्या खाचेतून तर फारच थोडी वीज मिळते. तिथे यंत्र लावू नका.

तरीही काही घडत नसेल तर तार आणि खाच तपासा. जुन्या आयपॉडच्या तळाशी रुंद खाच असते. तीत तीस बारीक संपर्कपट्ट्या असतात. खिशातली कापसाची लव आणि धूळ तिथे जाऊन घट्ट बसते. कोरडा, मऊ दातांचा ब्रश हलक्या हाताने फिरवा. सुई, टाचणी, पाणी, रॉकेल यांपैकी काहीही नको. तार बहुधा मानेशी, म्हणजे पिनेजवळ, आतून तुटते, म्हणून शेजाऱ्याची तार लावून पाहा. आणखी एक गोम सांगतो. फार जुने काही चार्जर फायरवायर नावाच्या वेगळ्या पद्धतीने वीज देत. २००८ साली आलेला चौथ्या पिढीचा नॅनो त्यावर चार्ज होत नाही. पिन बसते, पण वीज आत जात नाही.

शिदोरी भरली, आता झोपमोड. चाकाच्या आयपॉडवर होल्ड नावाची छोटी सरकती कळ असते. ती एकदा लावून परत सोडा. मग मेन्यू आणि मधले बटण ही दोन्ही एकदम आठ-दहा सेकंद दाबून धरा. पडद्यावर सफरचंदाचे चिन्ह उमटले म्हणजे यंत्र जागे झाले. याला रीसेट म्हणतात. त्याने साठ्यातले काहीही पुसले जात नाही, म्हणून हा उपाय निर्धास्तपणे करावा. सफरचंद दिसताच मधले बटण आणि वाजवण्याचे बटण ही दोन दाबून धरली, तर यंत्र डिस्क मोडमध्ये जाते. म्हणजे ते गाणी वाजवायचे सोडून संगणकापुढे नुसती वही उघडून बसते. ही सोय फार मोलाची आहे.

आता त्या रिस्टोअर शब्दाकडे येऊ. शब्दाचा अर्थ परत आणणे. ऐकणाऱ्याला वाटते, आपली गाणी परत येणार. अहो, तसे नाही! परत येते ती यंत्राची कारखान्यातली पहिली स्थिती. शिक्षकांना सांगायचे तर, पाटी पुरी पुसून नव्या विद्यार्थ्याच्या हाती देणे. मी स्वतः एकदा घाईत असेच बटण दाबले आणि एका वृद्ध शाहिराशी झालेले तासाभराचे बोलणे कायमचे घालवले. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अंगठ्याचा होता.

म्हणून संगणकाने रिस्टोअर करा म्हटले तरी आधी विचारावे, तो असे का म्हणतो? गुरुजींच्या बाबतीत कारण मौजेचे निघाले. त्यांच्या भावाचा संगणक मॅक होता, त्यामुळे आयपॉडची वही मॅकच्या पद्धतीने आखलेली. शाळेतला संगणक विंडोजचा. त्याला ती आखणी वाचता येईना. मोडी लिपीतला कागद बालबोध शिकलेल्याच्या हाती द्यावा आणि त्याने "हा कोराच आहे, यावर नवे लिहू का?" असे म्हणावे, त्यातला प्रकार. वही शाबूत होती, वाचणारा चुकीचा होता.

तालुक्याच्या एका छापखान्यात मॅक आहे. रात्रभर भरलेला आयपॉड आम्ही तिथे नेला आणि डिस्क मोडमध्ये जोडला. संगणकाने "यातले पुसून जुळणी करू का?" असे विचारताच नकार दिला. मग रेकॉर्डिंग्ज नावाचा फोल्डर उघडला. माइकने भरलेले आवाज तिथेच असतात. गाणी मात्र लपवलेल्या फोल्डरात चार-चार अक्षरांच्या विचित्र नावांनी ठेवलेली असतात. नावे पाहून बिचकू नये, सगळी उतरवून घ्यावी. आम्हांला अकरा ओव्या मिळाल्या. पहिली सुरू झाली तेव्हा जात्याची घरघर आधी ऐकू आली, मग आवाज. छापखान्यातल्या मुलाने यंत्र थांबवले होते की काय, कोण जाणे. मला तरी त्या वेळी दुसरे काही ऐकू आले नाही.

त्यानंतरच आम्ही रिस्टोअर केले. मॅकवर २०१९ पासून हे काम फाइंडरमध्ये होते, विंडोजवर आयट्यून्सने करतात. रिस्टोअर मध्येच अडले तर घाबरू नये. तार बदलावी, खाच बदलावी, मधली जोडपट्टी काढून थेट संगणकाला लावावे. काही जुन्या नमुन्यांत काम संपता संपता पडद्यावर पिनेचे चित्र येते. त्याचा अर्थ एवढाच, की आता मला भिंतीवरच्या चार्जरला लावा.

दोन ठिकाणी मात्र हात आवरावा. आतून टक्-टक् आवाज येत असेल तर तबकडीला इजा झालेली असते. पुन्हा पुन्हा चालू करून ती वाढते. आत मोलाचे काही असेल तर ते जाणत्याकडेच न्यावे. आणि पाठ फुगली असेल किंवा यंत्र फार तापत असेल, तर चार्जिंग तात्काळ थांबवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. २००५-०६ मध्ये विकलेल्या पहिल्या पिढीच्या नॅनोंच्या बॅटऱ्या तापतात म्हणून कंपनीने २०११ साली ते नॅनो बदलून देण्याची जाहीर व्यवस्था केली होती. अशी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

यंत्र ठेवून द्यायचे तर निम्मे भरून, थंड जागी ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी एकदा भरा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावात कोणाच्या यंत्रात म्हातारीकोतारीचा आवाज असेल, तर ते चालू आहे तोवरच त्याची नक्कल उतरवून घ्या. एक शाळेत ठेवा, एक घरी. गुरुजींनी आता ओव्यांच्या तीन नकला केल्या आहेत. एक भावाला धाडली.