भरीत पार्टी आणि दीडशे रुपयांची सजावट

डिसेंबर आला की खानदेशात दोन गोष्टी हमखास होतात. थंडी वाढते आणि भरीत पार्ट्या सुरू होतात! बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी आधीच सांगते, भरीत म्हणजे नुसती भाजी नव्हे. बामणोदकडची मोठी, हिरवट वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर केळीच्या पानावर वाढायची. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी धुळ्याची, शिकते जळगावात, त्यामुळे या विषयात माझी मतं जरा कडकच आहेत.

आता मुद्द्यावर येते. हॉस्टेलची भरीत पार्टी नाताळच्या सुट्टीत ठरते आणि वर्गणीच्या कागदावर पहिला आकडा असतो ‘डेकोरेशन’चा. फुगे, चमकी, तयार माळा... बघता बघता माणशी साठ-सत्तर रुपये वाढतात. मग त्या दिवशी दोन-तीन जणींचं नेमकं डोकं दुखतं आणि त्या रूमवरच थांबतात. डोकं का दुखतं ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. म्हणून गेल्या वर्षी आमच्या मजल्याने ठरवलं की सजावटीची वर्गणीच नको, फक्त हात द्यायचे. सुतळी, मैदा आणि थोडा पतंगाचा कागद मिळून खर्च आला दीडशेच्या आत. ते कसं जमलं, तेच सांगते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे कृपया दुर्लक्ष करावे!)

कागद : जुनी जर्नल्स, पाठकोरे प्रिंटआउट, ड्रॉइंगच्या बाद शीट्स आणि वर्तमानपत्रं. हॉस्टेलमध्ये यांना तोटा नाही. थर्माकोलचा विचार सोडा, मार्च २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. कागदाला तंतूंची दिशा असते. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर काठ स्वच्छ येतो. जाड ड्रॉइंग शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकते तिकडेच घडी घाला.

खळ : फेव्हिकॉल कशाला? एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की झाली खळ. पूर्वी कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. तो विषारी आहे, जेवणाच्या जागी अजिबात नको.

साखळी : ए-फोर कागदाच्या आडव्या, अडीच सेंमी रुंदीच्या अकरा पट्ट्या निघतात. त्यांच्या एकात एक अडकवलेल्या कड्या चिकटवल्या की सुमारे ६५ सेंमी साखळी होते. म्हणजे दहा मीटरला पंधरा-सोळा कागद. एका जर्नलमध्ये व्हरांडा सजतो!

चक्री आणि चांदणी : इथे थोडं गणित आहे. पट्टीला वळ्या घालून पंख्यासारखी गोल उघडायची, तर बाहेरच्या काठाला पूर्ण परीघ गाठावा लागतो. म्हणून पट्टीची लांबी रुंदीच्या २π पट, म्हणजे सव्वासहा पटीहून जास्त हवी. ए-फोर उभा अर्धा कापला तर पट्टी १०.५ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी लांब. लागतात ६६ सेंमी, दोन पट्ट्यांचे होतात ५९, म्हणून तीन जोडाव्या लागतात. दीड सेंमीच्या वळ्या घाला, एका काठात दोरा ओवून आवळा आणि टोकं चिकटवा. वळ्या मिटलेल्या असताना बाहेरचा काठ तिरका कापला, तर चक्रीची चांदणी होते. एवढा पातळ कागद ताठ उभा राहतो तो वळ्यांमुळे. एसओएमच्या तासाला जे नुसतं लिहून घेतलं, ते इथे बोटांना कळतं.

रंग : हळद पाण्यात कालवून ब्रशने लावली की पिवळा. त्याच पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की लालसर तपकिरी. एका डब्यात दोन रंग!

टांगणं : सुतळी ताणून बांधू नका. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो आणि गाठ सुटते. दहा फुटाला फूटभर झोळ ठेवा. आणखी एक, आपण पंगतीत जमिनीवर बसतो. सगळी सजावट छताला लावली तर ती फक्त वाढणाऱ्यांना दिसते. चक्र्या भिंतीवर तीन फुटांवर लावा, बसलेल्याच्या डोळ्यासमोर.

तीन गोष्टी मात्र पक्क्या पाळा. काड्यांच्या जाळाच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर उडतात, म्हणून चुलीच्या आसपास आणि वारा जातो त्या बाजूला एकही पताका नको. कागदाजवळ जुने गरम होणारे बल्ब नकोत, एलईडी माळच वापरा. आणि छापील कागदावर खायचं काही ठेवू नका, शाईबद्दल एफएसएसएआयने २०१६ मध्येच बजावलंय.

यात खरी गंमत घड्या घालण्यात आहे. आमच्याकडे दोन संध्याकाळी सगळा मजला व्हरांड्यात बसला होता. मेसच्या मावशींनी खळ शिजवून दिली, रेक्टर मॅडमनी स्वतः चार चक्र्या केल्या. जिला वर्गणी जड जाते, तिच्याच घड्या सगळ्यांत सरळ निघाल्या आणि बाकीच्या जणी तिच्याकडून शिकल्या. पार्टीच्या दिवशी कोणाचंही डोकं दुखलं नाही.

तेव्हा मंडळी, यंदा वर्गणीचा कागद फिरण्याआधी रद्दी बाजूला काढून ठेवा. कात्री नसेल तर आमच्या मजल्यावर या, आम्ही देऊ. भरिताचं आमंत्रण मात्र तुमच्याकडून हवं!