डेटाबेसची तालीम : पुण्याचे तिकीट काढण्याआधी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलगा म्हणतो 'डेटा'चा कोर्स करायचा आहे, क्लास पुण्यात आहे, फी लाखाच्या घरात आहे, राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. तर भरावी का? विचारणारे कोणी टॉवेलच्या कारखान्यात कामाला असतात, कोणी रिक्षा चालवतात, कोणाचे विजापूर वेशीत छोटेसे दुकान असते. लाख रुपये म्हणजे त्यांच्या घरात स्लॅबसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम. आमचा त्यांना उलट प्रश्न असतो की, या कोर्समध्ये नेमके काय शिकवतात? बहुतेक वेळा बाप मुलाकडे पाहतो आणि मुलगा मोबाईलमधली जाहिरात दाखवतो.

डेटाबेस समजायला फार इंग्रजी लागत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर मिळतो. हजेरीपटात, निकालपत्रकात, शिष्यवृत्तीच्या यादीत तोच नंबर येतो. वर्गात शेख समीर नावाची तीन मुले असली तरी नंबरामुळे कोणाचे गुण कोणाला लागत नाहीत. एका वहीत पत्ता, दुसरीत हजेरी, तिसरीत गुण आणि सगळ्यांना बांधणारा तो एक नंबर. आयबीएम कंपनीत काम करणारे एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली एका शोधनिबंधात हीच गोष्ट गणिताच्या पायावर उभी केली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते एकमेकांशी समान किमतींनी जोडावेत, असे त्यांचे म्हणणे. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचे पहिले नाव 'सीक्वेल' होते. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते 'एसक्यूएल' झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही आज प्रचलित असलेली सॉफ्टवेअर थोड्याफार फरकाने हीच भाषा बोलतात. संगणकाच्या दुनियेत पन्नास वर्षांत किती भाषा आल्या आणि विसरल्या गेल्या, ही टिकून आहे. मुलाने यात घातलेले सहा महिने दोन वर्षांत शिळे होत नाहीत, ही पालकांसाठी महत्त्वाची बाब आहे.

या क्षेत्रात तीन वेगवेगळी कामे आहेत आणि जाहिरातवाले ती एकाच पिशवीत भरून विकतात. डेव्हलपर म्हणजे प्रोग्राम लिहिणारा. सिद्धेश्वर एक्सप्रेसची शेवटची एक बर्थ उरली आहे आणि त्याच क्षणी एक माणूस सोलापुरातून, दुसरा मुंबईतून ती मागतो आहे, असे समजा. बर्थ एकालाच मिळाली पाहिजे आणि दुसऱ्याचे पैसे कापले जाता कामा नयेत. ही व्यवस्था प्रोग्राममध्ये नीट बसवणे हे डेव्हलपरचे काम. डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, ज्याला सगळे डीबीए म्हणतात, तो राखणदार. कोणाला कोणता तक्ता पाहता येईल हे तो ठरवतो, रोजची नक्कल म्हणजे बॅकअप काढतो आणि रात्री तीन वाजता सर्व्हर बसला तर उठून तो सुरू करतो. तिसरे काम बिझनेस इंटेलिजन्सचे. टॉवेल कारखान्याच्या मालकाला तीन वर्षांची बिले नको असतात. कोणता रंग कोणत्या राज्यात कोणत्या महिन्यात खपला आणि कोणता माल गोदामात पडून राहिला, एवढेच त्याला एका पानावर पाहायचे असते. ते पान तयार करणारा हा माणूस. हिशोबाची आवड असलेल्या बीकॉमच्या मुलाला तिसरे काम जमते. रात्री-अपरात्री फोन आला तर ज्याचे डोके शांत राहते त्याने डीबीएकडे वळावे. एकाच क्लासात चार महिन्यांत तिन्ही शिकवू असे कोणी सांगत असेल, तर तीनही अर्धवट राहणार हे उघड आहे.

आता एक गोष्ट, जी आम्हाला शाळेत रोज दिसते आणि जिच्यामुळे हा विषय आमच्या घरांसाठी निव्वळ नोकरीचा राहत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात 'सरल' प्रणाली आली, मग 'यूडायस प्लस'मध्ये विद्यार्थीनिहाय माहिती भरणे आले, आता 'अपार' क्रमांक आला. प्रत्येक ठिकाणी नाव आधारशी तंतोतंत जुळावे लागते. आमच्या मुलांची नावे इथेच अडतात. फॉर्ममध्ये तीन रकाने असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. समजा शाळेच्या दाखल्यावर 'शेख रुकसाना बशीर' आहे आणि आधारवर 'रुकसाना बशीर शेख'. माणसाला दोन्हींत एकच मुलगी दिसते, यंत्राला दोन. 'मोहम्मद' इंग्रजीत लिहिण्याच्या चार-पाच तऱ्हा आहेत, त्यात 'मोहद' आणि 'एमडी' ही संक्षिप्त रूपे वेगळी. ज्यांच्याकडे आडनावाची रीतच नाही, त्यांच्या तिसऱ्या रकान्यात कोणी आजोबांचे नाव लिहितो, कोणी टिंब देतो. मग शिष्यवृत्तीचा अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून परत येतो आणि आई कामावरची एक दिवसाची मजुरी बुडवून आधार केंद्राच्या रांगेत उभी राहते.

यात कोणा एका कर्मचाऱ्याची चूक शोधण्यात अर्थ नाही. रकाने आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकाच पद्धतीचे नाव होते, एवढेच. डेटाबेसच्या चांगल्या प्रशिक्षणात हा विषय पहिल्याच आठवड्यात येतो. माणसाला नावावरून ओळखू नये, नंबरावरून ओळखावे. नावाला एकच मोठा रकाना ठेवावा. जुळणी करताना शब्दांचा क्रम बदलूनही तपासावे. लिपीचेही तसेच. मायएसक्यूएलमध्ये देवनागरी आणि उर्दूसाठी योग्य अक्षरसंच निवडावा लागतो. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून तो आपोआप मिळतो, त्याआधी स्वतः निवडावा लागे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या प्रकारच्या रकान्यात 'शेख' टाकले तर परत वाचताना बहुधा नुसती प्रश्नचिन्हे हाती येतात. तिथे युनिकोडचा रकाना घ्यावा लागतो आणि मजकुराआधी इंग्रजी 'एन' अक्षर जोडावे लागते. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिणाऱ्या आपल्या मुलीला ही अडचण शिकवावी लागत नाही, ती घरूनच घेऊन आलेली असते. असे रकाने आखणाऱ्यांच्या टेबलावर आपल्या घरांतली चार मुले-मुली बसलेली असती, तर आधार केंद्राच्या रांगा थोड्या आखूड झाल्या असत्या, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

असो. मूळ प्रश्न फीचा होता.

सुरुवात घरातच करता येते, तीही जवळपास फुकटात. एमएस-सीआयटी आपल्याकडे बहुतेक मुलांनी केलेले असते. २००१ पासून चाललेला तो कोर्स संगणकाची ओळख करून देतो, डेटाबेसचा धंदा शिकवत नाही. राष्ट्रीय उर्दू परिषदेचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमाही टायपिंग, हिशोब आणि बहुभाषी डीटीपीसाठी उपयोगी आहे, या कामासाठी नव्हे. त्यानंतरची पायरी म्हणून आम्ही आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाकडे बोट दाखवतो. त्यात लिब्रेऑफिस बेस तसेच पीएचपी व मायएसक्यूएल यांचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलाला त्याने मोठा आधार मिळतो. पुढे केंद्र सरकारच्या 'स्वयम' या मंचावर आयआयटी खरगपूरचा, प्रा. पार्थ प्रतिम दास यांनी शिकवलेला डेटाबेसवरील आठ आठवड्यांचा कोर्स आहे. तो इंग्रजीत आहे, ऐकायला फुकट आहे; प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. देशोदेशीच्या महाविद्यालयांत डेटाबेसचे जे जाडजूड पाठ्यपुस्तक लावलेले असते, त्याचे एक सहलेखक प्रा. एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचेच. ते पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागून पाहावे.

सॉफ्टवेअरलाही पैसे लागत नाहीत. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची 'एक्सप्रेस' आणि शिकण्यासाठीची 'डेव्हलपर' आवृत्ती मोफत मिळते आणि तक्त्यांवरून आलेख काढणारे 'पॉवर बीआय डेस्कटॉप'ही. मुलाने मोहल्ल्यातल्या एखाद्या किराणा दुकानाची महिन्याची उधारी त्यात भरून पाहावी. गिऱ्हाईक, माल, व्यवहार असे तीन तक्ते करावेत. मग दुकानदाराला विचारावे की त्याला काय जाणून घ्यायचे आहे आणि ते उत्तर काढून दाखवावे. शेवटी सगळे पुसून टाकून बॅकअपमधून परत आणावे. दुसऱ्याच्या उधारीची वही म्हणजे अमानत. काम झाल्यावर ती लॅपटॉपवर पडून राहता कामा नये आणि गिऱ्हाइकांची खरी नावे कोणाला दाखवता कामा नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कंपन्याही हेच पाहू लागल्या आहेत. सहा-आठ आठवडे हे मनापासून केले तरी मुलाला यात रस आहे की नाही, ते घरातल्या सगळ्यांना कळते. रस नसेल तर लाख रुपये वाचले.

रस असेल तर पुण्याचा विचार जरूर करावा. तिथे सी-डॅक ही १९८८ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. १९९१ चा 'परम' महासंगणक तिचाच. तिचे सहा महिन्यांचे पदव्युत्तर डिप्लोमा आहेत. ॲडव्हान्स्ड कंप्युटिंगच्या डिप्लोमात डेटाबेस हा एक विषय असतो आणि बिग डेटा ॲनालिटिक्सचा डिप्लोमा वेगळा आहे. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए, एमएस्सी (संगणक) अशी पात्रता लागते, त्यामुळे नुसते बीसीए झालेल्या मुलाने आधी माहितीपत्रक नीट वाचावे. जीएसटी धरून फी लाखाच्या वर जाते, पण परीक्षा दिल्याशिवाय आत घेत नाहीत आणि पैसे कशाचे ते कागदावर स्पष्ट असते. खासगी क्लास निवडायचा झाला तर आम्ही पालकांना स्वतः तिथे जाऊन बसायला सांगतो. सकाळची हुतात्मा पकडली की दुपारी क्लासात, संध्याकाळी परत. प्रत्येक मुलाला स्वतंत्र मशीन आहे का? मागच्या बॅचच्या दोन मुलांशी मालक समोर नसताना बोलता येईल का? बॅकअप परत आणण्याचा सराव कितव्या आठवड्यात घेतात? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर पुढचे विचारण्याची गरज नाही. शंभर टक्के नोकरीची हमी तोंडी असेल तर ती लेखी मागावी. फी हप्त्याने भरावी. कर्ज काढून एकरकमी भरू नये.

मुलींच्या बाबतीत पालक आणखी अडखळतात. अडीचशे किलोमीटर दूर, वसतिगृह कसले, ही काळजी खोटी नाही. पण सोलापुरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, संगणकशास्त्राच्या पदव्या आहेत. पायाभूत शिक्षणासाठी तिला शहर सोडायची गरज नाही. पुढे मायक्रोसॉफ्टची डीबीएसाठी डीपी-३०० आणि पॉवर बीआयसाठी पीएल-३०० अशा परीक्षा घरूनही देता येतात. अहवाल तयार करण्याचे बरेचसे काम घरी बसून करता येते हेही खरे. मात्र 'घरून करता येते' याचा अर्थ 'स्वयंपाक उरकून वेळ मिळाला तर करता येते' असा घरातल्यांनी घेऊ नये. तिला दिवसाचे चार तास दार लावून बसता आले पाहिजे. भावाला मिळते तशी तिलाही वेगळी जागा आणि स्वतःचे मशीन हवे.

आता एआय सगळे लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही अलीकडे ऐकू येते. एआय प्रश्न लिहून देतो हे खरे आहे. पण आलेले उत्तर बरोबर आहे की एकाच शेख समीरला तीनदा मोजले आहे, हे ओळखायला तक्ते कळावेच लागतात.

मशीनबद्दल एक सूचना. नवा महागडा लॅपटॉप सुरुवातीला नको. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप या सरावाला पुरतो. घेताना बॅटरी मात्र चालू करून पाहावी आणि दुकानदाराकडून बिल घ्यावे.