आम्लाने घडवलेला दगड

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण आम्ल चुनखडीचा दगड खाते. मग आम्लाच्या मदतीने दगड घडवता येईल का? होय, येतो!

पांढरी चिनी माती सुमारे ७०० अंश सेल्सिअसला भाजून तिच्यात फॉस्फोरिक आम्ल मिसळतात. आम्ल मातीतील अ‍ॅल्युमिनियम सुटे करते. मग अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन व फॉस्फरस यांचे अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी जोडले जाऊन त्रिमितीय जाळे बनते. हा झाला जिओपॉलिमर. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० नंतरच्या दशकात दिले. एरवी त्यासाठी सोडिअम हायड्रॉक्साइडसारखे अल्क वापरतात.

आम्ल कमी पडले, तर बरीच माती जाळ्याबाहेर राहते. जास्त झाले, तर उरलेले आम्ल आत अडकते व पाणी लागताच विरघळते. दोन्ही वेळा बळकटी घटते. म्हणून आम्ल मोजूनच घालावे लागते.