पडवीतली ऊब

नगरची थंडी काय असते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. तुळशीचे लग्न आटोपले, की संध्याकाळी अंगणात पाऊल टाकताच अंगावर काटा येतो. समुद्रापासून दूर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे आपले गाव. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री झटकन निवते आणि एखाद्या पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली घसरतो. तिकडे अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत तर विचारूच नका! 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण थंडी होती तशीच आहे.

आणि नेमकी याच दिवसांत घरी माणसे जमतात. हुरड्याला पाहुणे येतात, संक्रांतीचे हळदीकुंकू असते, लेक बाळंतपणाला आलेली असते. घरात जागा पुरत नाही, म्हणून बैठक पडवीत. पूर्वी वाड्यांना ओसरी असे. आता बंगल्यापुढे पत्र्याची शेड असते, नाही तर गच्चीवर आच्छादन. मग प्रश्न येतोच, इथे ऊब आणायची कशी? दुकानात हीटरचे दहा प्रकार मांडलेले असतात. पण त्यांतून एक निवडण्याआधी शेजारी घडलेली एक गोष्ट ऐका.

बारशाची संध्याकाळ

मागच्या मार्गशीर्षात शेजारच्या घरी बारसे होते. वारा लागू नये म्हणून वहिनींनी पडवीला तिन्ही बाजूंनी जाड प्लॅस्टिकचे पडदे बांधले आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. कोळसा चांगला फुललेला, धूर अगदी नाही. बायका ओटी घेऊन गेल्या, तसा चौथा पडदाही खाली सोडला. तासाभरात बाळंतीण म्हणाली, "मावशी, डोकं फार चढलंय." मावशींचेही दुखत होते. त्यांना वाटले, दगदग झाली. मग तिला उलटी झाली, तर म्हणाल्या, जेवण बाधलं. एवढ्यात आमच्या सासूबाई बाळाला बघायला गेल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, सगळ्यांचीच डोकी एकदम कशी दुखतील? आधी पडदे वर करा!"

पडदे उघडले, बाळ-बाळंतिणीला मोकळ्या हवेत आणले आणि तसेच गाडीत घालून दवाखान्यात नेले. तिथे ऑक्सिजन लावला. दोघे सुखरूप घरी आली. पण आणखी तासभर तो पडदा तसाच राहिला असता तर? आजही आठवले की पोटात गोळा येतो.

मैत्रिणींनो, कोळसा, लाकूड, गोवऱ्या, गॅस, काहीही जळताना हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि मग झोप लागते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. "निखाऱ्याला धूर नाही, म्हणजे भीती नाही" ही समजूत साफ चुकीची आहे. शेजारी पाण्याचे भांडे ठेवल्यानेही काही होत नाही. म्हणून शेगडी आणि आगटी उघड्या अंगणातच शोभतात. पडवीला पडदे लावलेत, की ती पडवी राहिली नाही, बंद खोली झाली असे समजा. कुणाला असा त्रास झालाच, तर आधी बाहेर हवेवर काढा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

मग घ्यायचे काय?

हीटरचे दोन स्वभाव असतात. एक हवा तापवतो, दुसरा समोरच्या माणसाला. पंख्याचा ब्लोअर आणि तेल भरलेला हीटर हवा तापवतात. बंद खोलीत ते ठीक, पण उघड्या पडवीत तापलेली हवा वाऱ्याबरोबर अंगणात जाते. म्हणजे गल्लीला ऊब आणि बिल आपल्याला! पडवीसाठी लाल तापणाऱ्या कांड्यांचा, क्वार्ट्झ किंवा हॅलोजनचा हीटर बरा. कोवळे ऊन अंगावर पडावे, तशी त्याची ऊब थेट अंगाला लागते. भिंतीवर उंच बसवून थोडा खाली झुकवता येतो, तो प्रकार सगळ्यांत चांगला. पोरांच्या हाताला लागत नाही आणि पदरही अडकत नाही.

हॉटेलांच्या अंगणात छत्रीसारखे उंच गॅसचे हीटर दिसतात. ते मोठ्या, पूर्ण मोकळ्या जागेसाठी. मोठा हीटर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो, म्हणजे 14.2 किलोचे सिलिंडर चौदा-पंधरा तासांत संपेल. शिवाय घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठीच असते. वर ज्वाळा आणि डोक्यावर प्लॅस्टिकचे पत्रे, हा संसार काही जमायचा नाही. तेव्हा घरच्या पडवीत तो नकोच.

बिलाचा हिशेब

हा हिशेब सोपा आहे. 1000 वॅटचा हीटर एक तास चालला, की एक युनिट. रोज दोन तास म्हणजे महिन्याला 60 युनिटे. तोच 2000 वॅटचा घेतलात, तर 120. महिन्याची एकूण वीज शंभर युनिटांच्या वर गेली, की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे बिलावर तुम्ही पाहिलेच असेल. चार माणसांच्या बैठकीला 1000 वॅट पुरतात. मोठा घेऊन लांब ठेवण्यापेक्षा लहान घेऊन जवळ बसावे.

घेताना आणि लावताना

आयएसआयची खूण पाहा. तीन पिनांचीच वायर घ्या, आणि घरात अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. हीटर मोठ्या, 16 अँपिअरच्या सॉकेटवर लावा. एक्स्टेंशन बोर्डावर मुळीच नको, तो तापतो आणि वितळतो. अवकाळी पावसाचे शिंतोडे येत असतील, तर पाणी उडाले तरी चालेल असा, बाहेरच्या वापराचाच हीटर मागा. खाली ठेवायचा असेल, तर कलंडताच आपोआप बंद होणारा घ्या. पडदे, गाद्या आणि साडीचा पदर त्यापासून तीन फूट तरी दूर हवेत. त्यावर लंगोट वाळत घालण्याचा मोह टाळा. आणि झोपायला जाताना बटण बंद, ही सवय दाराच्या कडीइतकी पक्की करा.

पण आधी वारा अडवा

खरे सांगू? थंडीचा निम्मा त्रास वाऱ्याचा असतो. ज्या बाजूने वारा येतो, तेवढी एकच बाजू चटईने किंवा बांबूच्या चिकाने अडवा, समोरची मोकळी ठेवा. फरशीवर सतरंजी आणि वर घोंगडी अंथरा. गार फरशी पायांतूनच ऊब ओढून घेते. पायांत मोजे, कानाला रुमाल, हातात आल्याचा चहा. एवढे केले, की अर्ध्या वेळा हीटर लावावाच लागत नाही.

वहिनींनी आता भिंतीवर हीटर बसवलाय. शेगडी अंगणात गेली. पोरे तिच्यावर कणसे भाजतात. परवा बाळ रांगत रांगत पडवीत आले, तर सासूबाईंनी आधी वर पाहिले, पडदा उघडा आहे ना! मग त्याला उचलून मांडीवर घेतले. तुम्हीही आज संध्याकाळी पडवीत बसण्याआधी एवढे एकदा पाहून घ्या, बरं का.