आकड्याचे कूळ शोधलेच पाहिजे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या आकड्याच्या बाबतीत मात्र हा संकोच समाजाला महागात पडतो. २०१५ सालचे मॅगी प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय. उत्तर प्रदेशात घेतलेल्या एका नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेला दशलक्ष भागांत १७.२ भाग शिसे आढळले. कायद्याची मर्यादा होती अडीच भागांची. जूनच्या पहिल्या आठवड्यात देशभर विक्री थांबली आणि तीस हजार टनांहून अधिक माल नष्ट करण्यात आला. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. उत्पादकाला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती, हे त्याचे एक कारण. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना या तपासणीसाठी आवश्यक ती मान्यता नव्हती, हे दुसरे. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करविली. तीत शिसे मर्यादेच्या आत निघाले. केंद्र शासनाने ग्राहक आयोगापुढे नेलेला भरपाईचा सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला.

या साऱ्यात बाजू कोणाची खरी होती, यावर वाद घालणारे अजूनही भेटतील. परंतु खरा प्रश्न त्या वादापलीकडचा आहे. एखाद्या आकड्यावर शासनाने कोट्यवधींचा व्यवहार थांबवावा आणि त्या आकड्याची विश्वासार्हता न्यायालयात टिकू नये, ही कोणत्याही एका पक्षाची हारजीत नसून मापनव्यवस्थेची हार आहे. त्यात उत्पादकाचे नुकसान झालेच. पण मुलाच्या ताटातील अन्न सुरक्षित आहे की नाही, हे जाणू पाहणाऱ्या ग्राहकाचे नुकसान त्याहून मोठे झाले.

यंत्र मोजत नाही, ताडून पाहते

प्रयोगशाळेतील महागडे यंत्र पदार्थातील शिसे जणू मोजूनच दाखविते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अन्न असो, माती असो वा रक्त, नमुना बहुधा आम्लात विरघळवून त्याचे द्रावण करावे लागते. पाणी तर मुळातच द्रावण. यंत्र त्या द्रावणातून मिळणारा प्रकाशाचा वा विद्युतभारित कणांचा संकेत नोंदविते. हा संकेत म्हणजे शिशाचे प्रमाण नव्हे. ज्यातील शिशाचे प्रमाण आधीच ठाऊक आहे, अशा प्रमाण द्रावणाच्या संकेताशी तो ताडून पाहिल्यावरच आकडा हाती येतो. म्हणजे सारी भिस्त त्या प्रमाण द्रावणाच्या बाटलीवर. बाटलीवरील चिठ्ठी चुकीची असेल, तर लाखो रुपयांचे यंत्रही तीच चूक मोठ्या सफाईने आणि अनेक दशांश स्थळांपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत राहील.

मग बाटलीवरील चिठ्ठी खरी कशावरून? येथे मापनाच्या मागाचा प्रश्न येतो. बाटली विकणाऱ्या कारखान्याने आपले द्रावण वरच्या दर्जाच्या द्रावणाशी ताडलेले असले पाहिजे. अमेरिकेची राष्ट्रीय मापनसंस्था प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे दहा मिलिग्रॅम मूलद्रव्य असलेली अशी द्रावणे तयार करते. शुद्ध धातू अचूक तोलून तो विरघळवायचा आणि मिळालेल्या द्रावणाची वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासणी करायची, अशी ही रीत आहे. तोलण्याचा माग किलोग्रॅमपर्यंत जातो. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम आणि मोल ही दोन्ही एकके निसर्गातील स्थिरांकांवर आधारलेली आहेत. गावातल्या विहिरीच्या पाण्यापासून या स्थिरांकांपर्यंत अखंड साखळी असावी आणि तिच्या प्रत्येक कडीवर किती अनिश्चितता वाढली याची नोंद असावी, एवढाच या शास्त्राचा आग्रह आहे.

ही साखळी कोठेही तुटू शकते. झाकण सैल राहिल्याने पाणी उडून द्रावण तीव्र होते. आम्ल कमी पडल्यास विरघळलेली धातू भांड्याच्या भिंतीला चिकटते. उलट, हवेतील धूळ आणि अशुद्ध आम्ल यांतून नसलेले शिसे नमुन्यात शिरते. पृथ्वीचे वय निश्चित करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांना नेमका हाच अनुभव आला. प्रयोगशाळेतील हवा, पात्रे आणि रसायने यांतूनच शिसे नमुन्यात येते, हे ओळखून त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि शिशाची पूर्वीची कितीतरी मापने फसवी असल्याचे उघड झाले. पेट्रोलमधील शिशाविरुद्धचा त्यांचा लढा या शुद्ध मापनाच्या पायावरच उभा राहिला.

वाण्याचे वजन आणि प्रयोगशाळेची बाटली

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मापात पाप नको, ही बाजाराची जुनी नीती. १९५६ च्या वजनमाप कायद्याने आणि त्यानंतर आलेल्या दशमान पद्धतीने तिला शास्त्रीय आधार दिला. वाण्याच्या दुकानातील वजनावर निरीक्षकाचा शिक्का असतो. निरीक्षकाचे वजन त्याहून वरच्या दर्जाच्या वजनाशी ताडले जाते, आणि ही उतरंड शेवटी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी जाऊन पोहोचते. किलोभर साखर घेणाऱ्या गृहिणीला यातले काही ठाऊक नसते. तरीही तिचा विश्वास या उतरंडीवर उभा असतो.

साखरेत दहा ग्रॅमांची खोट आली तरी ती घरच्या काट्यावर पकडता येते. पाण्यातील आर्सेनिक, म्हणजे आपल्या ओळखीचा सोमल, ना डोळ्यांना दिसत ना जिभेला कळत. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सुचविलेली मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, इतकी सूक्ष्म आहे. ग्राहकाला जे स्वतः तपासता येते त्याच्या मागे कायद्याचा शिक्का आहे, आणि जे तपासणे त्याला सर्वथा अशक्य आहे तेथे मात्र अहवालामागील प्रमाण द्रावण कोठले, हे विचारण्याची प्रथाच नाही. ही विसंगती चिंताजनक म्हणावी लागेल.

चुकीची किंमत कोण देतो

बांगलादेशाने या विसंगतीची किंमत मोजली आहे. तेथे सुमारे पन्नास लाख कूपनलिकांची तपासणी प्रामुख्याने जागेवरच्या साध्या संचांनी झाली. लिटरला पन्नास मायक्रोग्रॅम या तेथील मर्यादेनुसार सुरक्षित नळांना हिरवा आणि विषारी नळांना तांबडा रंग देण्यात आला. प्रयोगशाळेत पडताळून पाहिले तेव्हा दोन्ही रंगांत चुका आढळल्या. चुकीने तांबड्या ठरलेल्या नळामुळे बाईला घागर घेऊन दूर जावे लागते. चुकीने हिरव्या ठरलेल्या नळाचे पाणी कुटुंब वर्षानुवर्षे निर्धास्तपणे पीत राहते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडने दात आणि हाडे पोखरली आहेत. तेथील विहिरींच्या अहवालांनाही हाच न्याय लागू आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता बाजार ही उणीव आपणहून भरून काढील, अशी आशा धरता येत नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविल्याप्रमाणे, मालाचा कस ग्राहकाला पारखता येत नसेल तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. प्रयोगशाळेचा अहवाल हा असाच माल आहे. दोन अहवाल समोर ठेवले तर दिसायला सारखेच; तेव्हा स्वस्त दर लावणाराच काम मिळवितो, आणि स्वस्ताई साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुदत संपलेली बाटली वापरणे. मापनाचे प्रमाण ही म्हणूनच रस्ते आणि दीपगृह यांच्यासारखी सार्वजनिक वस्तू ठरते. तिची जबाबदारी शासनाकडेच येते.

काय करता येईल

या बाबतीत देश अगदीच रिकाम्या हातांनी उभा आहे, असे नाही. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित पदार्थ उपलब्ध करून देते आणि त्यांत मूलद्रव्यांच्या द्रावणांचाही समावेश आहे. प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय यंत्रणाही आहे. उणीव आहे ती ही साखळी जिल्ह्यापर्यंत पोहोचविण्याची. यंत्रखरेदीचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. प्रमाण द्रावणाच्या वार्षिक खर्चाला मात्र अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ मिळत नाही. प्रत्येक शासकीय प्रयोगशाळेला असा स्वतंत्र निधी दिला पाहिजे. प्रत्येक अहवालावर वापरलेले प्रमाण द्रावण आणि आकड्यातील अनिश्चितता छापणे बंधनकारक केले पाहिजे. मर्यादा दहाची, मापन अकराचे आणि अनिश्चितता दोनची असेल, तर निर्णयापूर्वी पुन्हा मोजावे लागते, हे अधिकाऱ्याला अहवालावरूनच कळले पाहिजे.

केवळ मान्यतेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगल्याने अचूकता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ओळख न देता पाठविलेले ज्ञात प्रमाणाचे नमुने. विद्यार्थ्याची परीक्षा होते तशी प्रयोगशाळेचीही व्हावी, आणि निकाल जाहीर व्हावा. गरीब देशाला हे परवडेल काय, असेही विचारले जाते. प्रमाण द्रावणाच्या एका बाटलीचा खर्च शेकडो नमुन्यांवर विभागला जातो; चुकीच्या आकड्याचा खर्च मात्र त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांवरच पडतो. गावातील साधा तपासणी संच टाकून देण्याचे कारण नाही. पहिली चाळणी म्हणून तो उपयुक्तच आहे. परंतु चाळणीला निवाड्याचा अधिकार देता कामा नये. विहीर बंद करण्यापूर्वी, आणि त्याहूनही अधिक ती सुरक्षित म्हणून जाहीर करण्यापूर्वी, त्या आकड्याचे कूळ विचारण्याचा हक्क गावाला असला पाहिजे आणि त्याचे लेखी उत्तर देणे शासनावर बंधनकारक असले पाहिजे.