मुलांच्या हाती पहिला कॅमेरा

फेब्रुवारी १९०० मध्ये कोडॅकने ‘ब्राउनी’ कॅमेरा बाजारात आणला. पुठ्ठ्याची चौकोनी पेटी, पुढे साधं भिंग, एक खटका आणि किंमत एक डॉलर! पामर कॉक्सच्या चित्रकथांमधल्या ब्राउनी नावाच्या इटुकल्या पात्रांवरून त्याचं नाव ठेवलं होतं, कारण तो मुलांसाठीच होता. तरीही ते खेळणं नव्हतं. पुढे नामवंत छायाचित्रकार झालेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९१६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, अमेरिकेतल्या योसेमिटीचे फोटो काढले ते ब्राउनीनेच. आपल्याकडच्या अनेक घरांत पुढे अशा साध्या कॅमेऱ्याचं काम ‘आग्फा क्लिक थ्री’ने केलं. फोकस लावायची भानगड नाही आणि एका रोलमध्ये बाराच फोटो.

मुलाला द्यायचा कॅमेरा साधा असावा, पण खरा असावा. आज कॅमेरा घेतानाही हीच कसोटी लावा.

ऑनलाइन दिसणाऱ्या रंगीबेरंगी कॅमेऱ्यांच्या खोक्यावर मेगापिक्सेलचे मोठमोठे आकडे असतात. त्यांतल्या अनेकांचा सेन्सर मुळात अगदी लहान असतो. सॉफ्टवेअर फक्त चित्र ताणून आकडा फुगवतं. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून नुसता रंगाचा डाग दिसला, तर तो कॅमेरा परत करा. आत गेम भरलेले असतील तर मूल फोटो सोडून तेच खेळत बसतं.

चार-पाच वर्षांच्या मुलाला रबरी कडांचा, पाण्याला आणि पडण्याला दाद न देणारा कॅमेरा बरा. दोरी मनगटात घालावी, गळ्यात नको. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटणासारखे चपटे सेल मुलाने गिळले तर जिवावर बेततं.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी आधी घरातलं कपाट उघडा. मोबाइल आल्यावर बाजूला पडलेला एखादा सायबर-शॉट किंवा कूलपिक्स डिजिटल कॅमेरा तिथे सापडेल. खरं भिंग, ऑप्टिकल झूम, फ्लॅश, सगळं त्यात आहे. बॅटरी फुगलेली नाही ना आणि भिंग न अडखळता आत-बाहेर होतं ना, एवढं तपासा. इन्स्टॅक्स कॅमेऱ्यात छापील फोटो लगेच हातात येतो, पण फिल्मच्या एका पाकिटात दहाच फोटो आणि पाकिटं महाग. जुना मोबाइल मात्र देऊ नका. त्यात फोटोपेक्षा इतर आकर्षणंच जास्त.

छायाचित्रकार झाना ब्रिस्कीने कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या मुलांना असेच साधे कॅमेरे दिले होते. त्यावरच्या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात मुलं फोटो काढतात आणि एकत्र बसून ते निवडतातही. घरीही हे जमेल. रविवारी मुलाने काढलेले फोटो त्याच्यासोबत बघा. टेबलाची खालची बाजू, आजोबांचे गुडघे, कुत्र्याचं नाक असं काहीही निघेल. डोकं कापलं गेलं म्हणून रागावू नका. ‘हे का काढलंस?’ एवढं विचारा. दुसऱ्याचा फोटो काढण्याआधी त्याला विचारायची सवय लावा. आपणही मुलाचे फोटो त्याला न विचारता स्टेटसला ठेवू नयेत.

कॅमेऱ्यासाठी ठरवलेल्या पैशांतले थोडे प्रिंटसाठी राखून ठेवा. कोणते फोटो छापायचे, ते मात्र मुलालाच ठरवू द्या.